मुका मार दिसत नाही, म्हणून मुलावर शिक्का मारू नका

मूल पडते, डोके आपटते. रक्त येत नाही, टाके पडत नाहीत. सीटी स्कॅन काढला तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि दोन-चार दिवसांनी मूल दप्तर घेऊन शाळेत जाते. खरी अडचण तिथे सुरू होते. फळ्यावरचे वाचताना डोळे दुखतात, तिसऱ्या तासाला डोके ठणकू लागते, कालपर्यंत येणारे गणित आज सुटत नाही, वर्गातला गोंगाट सहन होत नाही. बाहेरून मात्र मूल धडधाकट दिसते. मग वर्गात म्हटले जाते, ‘नाटक करतोय.’ घरी म्हटले जाते, ‘अभ्यास नको म्हणून कारणं सांगतोय.’

या दुखापतीला वैद्यकीय भाषेत कन्कशन म्हणतात. आपल्या बोलीत तिच्यासाठी जुना आणि नेमका शब्द आहे: मुका मार. हा मार स्वतः बोलत नाही, त्यामुळे त्याच्या वतीने कुणाला तरी बोलावे लागते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मुलांच्या शिक्षणाचे काम करताना आम्हाला जाणवते ते हेच, की मुलाला दवाखान्यात नेणारे हात भेटतात, पण त्याच्यासोबत शाळेत जाऊन चार शब्द बोलणारा माणूस भेटत नाही. तो माणूस आपल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी व्हावे, यासाठी हा लेख.

हा आपला प्रश्न का आहे?

मार कुणालाही लागतो. शिक्का मात्र सगळ्यांवर सारखा बसत नाही. ज्या मुलाचे आई-वडील शिकलेले आहेत, ज्यांच्या ओळखीचा डॉक्टर आहे आणि जे मुख्याध्यापकांशी समोरासमोर बसून बोलू शकतात, त्या मुलाच्या डोकेदुखीवर विश्वास ठेवला जातो. ज्याची आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते आणि वडील एमआयडीसीत कंत्राटी कामावर आहेत, त्या वस्तीतल्या मुलाबद्दल अनेकदा मत आधीच तयार असते. ‘यांचं अभ्यासात लक्षच नसतं’ हे वाक्य अपघाताच्या आधीपासून हवेत असते. अपघातानंतर ते त्याला चिकटते. समाजशास्त्र सांगते, की माणसावर एकदा शिक्का बसला की इतर जण त्याच शिक्क्यातून त्याच्याकडे पाहतात आणि हळूहळू तो स्वतःही तसेच पाहू लागतो. काही आठवड्यांत बरी होणारी इजा अशा रीतीने शाळा सुटण्याचे कारण होऊ शकते.

बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सभेने १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. शाळेचे दार उघडणे पुरेसे नाही, आत गेलेल्या मुलाला टिकून राहता येईल अशी परिस्थितीही उभी करावी लागते, हे त्यामागचे भान होते. दुखापतीनंतर शाळेत परतणाऱ्या मुलाला सांभाळणे हे त्याच कामाचा छोटा भाग आहे.

आपल्या भागात डोक्याला मार लागण्याची कारणे रोजच्या जगण्यातली आहेत. दुचाकीवर तिघे-चौघे बसून शाळेत जाणारी मुले आपण रोज पाहतो. इंदापूर तालुक्यातून पुणे–सोलापूर महामार्ग जातो, बारामती–इंदापूर रस्त्यावर सतत वर्दळ असते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरकडचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा हे कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या याच रस्त्यांवर येतात. गाळप हंगामाचे हे महिने म्हणजेच शाळांच्या क्रीडास्पर्धांचे, स्नेहसंमेलनाचे आणि बोर्डाच्या परीक्षेच्या तयारीचे महिने. यात कबड्डीतली पकड, खो-खोच्या खांबावरची धडक, चिंचेच्या झाडावरून किंवा स्लॅबवरून पडणे हेही आले. आणि एक कारण उघडपणे बोलायला हवे: मोठ्यांनी कानशिलात मारलेली चपराक किंवा भिंतीवर आपटलेले डोके. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. ‘शिस्त लावली’ या शब्दाआड ही इजा लपू देऊ नये.

डोक्यात नेमके काय होते?

कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. जोराचा धक्का बसला की तो आतल्या आत हलतो, हिंदकळतो. डोक्याला थेट मार लागलाच पाहिजे असेही नाही, अंगाला बसलेल्या जोरदार झटक्यानेही हे होऊ शकते. या हादऱ्याने मेंदूच्या पेशींमधला क्षारांचा समतोल बिघडतो. तो पूर्ववत करण्यासाठी पेशींना जास्त ऊर्जा लागते, पण नेमक्या त्याच काळात ऊर्जेचा पुरवठा कमी पडतो. म्हणून थोडे वाचले, थोडा विचार केला तरी मूल थकते. जुनी झालेली मोबाइलची बॅटरी जशी चार्ज व्हायला वेळ घेते आणि पटकन उतरते, तशी काही दिवस मेंदूची अवस्था असते.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, हाड मोडणे अशा गोष्टी दिसतात. कन्कशन ही मेंदूच्या कामकाजातली गडबड आहे, ती स्कॅनमध्ये दिसत नाही. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ ‘तातडीने जिवाला धोका दिसत नाही’ असा घ्यावा. ‘काहीच झालेले नाही’ असा घेऊ नये. ‘बेशुद्ध पडला नव्हता, म्हणजे काही नाही’ हाही गैरसमज आहे. कन्कशन झालेली बहुतेक मुले बेशुद्ध पडतच नाहीत.

लक्षणे चार प्रकारची असतात. शरीराची: डोकेदुखी, चक्कर, मळमळ, उजेड आणि आवाज सहन न होणे. विचाराची: लक्ष न लागणे, विसरणे, उत्तर द्यायला वेळ लागणे. मनाची: चिडचिड, विनाकारण रडू येणे, अस्वस्थता. झोपेची: फार झोप येणे किंवा झोपच न लागणे. काही लक्षणे लगेच दिसतात, काही कित्येक तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. शांत पोरगा अचानक चिडका झाला की घरात ‘बाहेरचं काहीतरी लागलं’ अशी कुजबुज सुरू होते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही घाबरलेल्या आईला शेजारीण देवऋषाचा पत्ता देते. अशा वेळी तिच्यावर हसू नका, तिला समजावून सांगा: ही मेंदूच्या हादऱ्याची लक्षणे आहेत, त्यांना डॉक्टर लागतो आणि थोडा काळ लागतो.

आधी जीव, मग शाळा

पुढील गोष्टींपैकी एकही दिसली तर थांबायचे नाही, थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचे: डोकेदुखी वाढतच जाणे, पुन्हा पुन्हा उलट्या, झटके, मूल जागे न होणे किंवा शुद्ध हरपणे, बोलणे अडखळणे, हाता-पायातली ताकद जाणे, माणसे न ओळखणे, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, चालताना तोल जाणे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे आणि बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कांदा हुंगवणे, तोंडात पाणी ओतणे, गल्लीतल्या अनुभवी माणसाची वाट पाहणे यात वेळ घालवू नये. उंचावरून पडलेल्या किंवा वाहनाने उडवलेल्या मुलाच्या मानेलाही इजा असू शकते. त्याला खांद्यावर टाकून पळू नये, मान हलू न देता सरळ ठेवावे.

धोक्याचे एकही लक्षण नसले तरी डॉक्टरांची तपासणी करून घ्यावी आणि कागद जपून ठेवावा. कारण पुढे शाळेत, बोर्डात, शिष्यवृत्तीत हाच कागद बोलतो. वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नयेत, डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात.

पहिले दोन दिवस

पूर्वी असा सल्ला दिला जायचा, की डोक्याला मार लागलेल्या मुलाला अंधाऱ्या खोलीत अनेक दिवस झोपवून ठेवावे. आता हा सल्ला बदलला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे खेळांतील कन्कशनवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि तिचे निवेदन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा सारांश असा: पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातली हलकी हालचाल चालेल, पण धावपळ, अभ्यास आणि मोबाइल-टीव्ही कमी. त्यानंतर हळूहळू चालणे-फिरणे आणि थोडे थोडे डोक्याचे काम सुरू करायचे. फार दिवस पडून राहिल्याने मूल लवकर बरे होत नाही, उलट उदास होते आणि शाळेची भीती वाढते.

‘डोक्याला मार लागला, झोपू देऊ नका’ हाही सल्ला गावोगाव दिला जातो. डॉक्टरांनी तपासले असेल आणि धोक्याची लक्षणे नसतील, तर झोप ही औषधच आहे. पहिल्या रात्री कुणीतरी जवळ झोपावे आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तर मधून उठवून पाहावे.

वीणेची तार

सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आपल्याला माहीत आहे. ध्यानासाठी चालून चालून त्याचे पाय रक्ताळले आणि सगळे सोडून द्यावे असे त्याला वाटू लागले. तो पूर्वी वीणा वाजवत असे. तार फार ताणली तर वीणा वाजते का, फार सैल सोडली तर वाजते का, असे बुद्धांनी त्याला विचारले आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेतले. दुखापतीनंतरच्या शाळेचे सूत्र हेच आहे. पहिल्याच दिवशी सात तासिका, गृहपाठ आणि शिकवणी म्हणजे तार ताणणे. महिनाभर घरी बसवणे म्हणजे तार सैल सोडणे. दोन्हींत नुकसान मुलाचेच.

मधली वाट अशी असते. घरी अर्धा-पाऊण तास वाचन किंवा लेखन करता येऊ लागले, की शाळेत जायला हरकत नाही. सगळी लक्षणे पूर्ण जाण्याची वाट पाहायची गरज नसते. सुरुवातीला दोन-तीन तास शाळा, तीही मुलाला झेपणाऱ्या विषयांची. मग अर्धा दिवस, मग मधल्या विश्रांतीसह पूर्ण दिवस, मग गृहपाठ आणि सर्वात शेवटी परीक्षा. अभ्यासाने डोके थोडे दुखले आणि तासाभरात थांबले, तर घाबरू नये. जास्त दुखले किंवा बराच वेळ दुखत राहिले, तर एक पायरी मागे यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचा. प्रत्येक मुलाची गती वेगळी असते. बहुतेक मुले काही दिवसांत शाळेत परततात आणि साधारण चार आठवड्यांत बरी होतात. चार आठवड्यांनंतरही त्रास राहिला, तर मेंदूविकार तज्ज्ञांना किंवा बालरोगतज्ज्ञांना दाखवलेच पाहिजे.

शाळेत काय बदलायचे?

यासाठी पैसा लागत नाही. थोडी समज आणि एक-दोन सूचना पुरतात.

परिपाठाला उन्हात उभे करू नये, वर्गात बसू द्यावे. बाक खिडकीच्या झगझगीत उजेडापासून आणि दाराच्या गोंगाटापासून दूर, पण शिक्षकांच्या नजरेसमोर असावा. पत्र्याच्या छपराच्या वर्गात दुपारी ऊन आणि आवाज दोन्ही वाढतात, म्हणून सुरुवातीला सकाळचे तास निवडावेत. दर तास-दीड तासाने दहा मिनिटे डोळे मिटून बसायला कार्यालयाचा किंवा वाचनालयाचा कोपरा द्यावा. फळ्यावरून वहीत उतरवताना नजर सतत वर-खाली जाते आणि त्याने डोके दुखते, म्हणून शेजारच्या मित्राची वही द्यावी किंवा फोटोवरून छापील प्रत काढून द्यावी. गृहपाठ पाच गणितांऐवजी दोनच. प्रश्न विचारल्यावर उत्तराला वेळ द्यावा, वर्गासमोर उभे करून घाई करू नये. संगणक आणि स्मार्ट टीव्हीचे तास काही दिवस टाळावेत. पोषण आहाराच्या रांगेतल्या ढकलाढकलीतून वगळून आधी जेवू द्यावे. स्नेहसंमेलनाच्या लेझीम-हलगीच्या सरावात बसवू नये. सायकलवर शाळेला पाठवू नये आणि जड दप्तर पाठीवर देऊ नये.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनीच करायची असते. मुलाची परवानगी घेऊन वर्गाला दोन वाक्यांत सांगावे: ‘याच्या डोक्याला आतून मार लागला आहे. तो बरा होतोय, तोपर्यंत आपण त्याला सांभाळून घेऊ.’ एवढ्याने ‘येडा झालाय’ ही चेष्टा बरीच थांबते.

परतीचा कागद

तोंडी सांगितलेले विसरले जाते. वर्गशिक्षक रजेवर गेले, बदली शिक्षक आले की सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एका पानाचा साधा कागद तयार करावा, असे आम्ही पालकांना सुचवतो. त्यात पाच गोष्टी असाव्यात: मार कधी आणि कसा लागला, डॉक्टरांनी काय सांगितले, सध्या कोणता त्रास होतो, पुढच्या दोन आठवड्यांत शाळेने कोणत्या सवलती द्यायच्या, आणि त्रास वाढल्यास कुणाला फोन करायचा. खाली पालक, वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्या सह्या. एक प्रत शाळेत, एक घरी. दर आठवड्याला तो पाहून सवलती कमी करत जायच्या. कागद भांडायला नाही, आठवण ठेवायला आहे, हे पहिल्या भेटीतच सांगावे. बहुतेक शिक्षक समजून घेतात, त्यांना फक्त कुणी सांगितलेले नसते.

शाळा ऐकत नसेल तर पायऱ्या ठरलेल्या आहेत: मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती, केंद्रप्रमुख, पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि त्यांत वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व असते. खासगी विनाअनुदानित शाळांना ही समिती लागू नाही, पण जिल्हा परिषदेच्या शाळांत ती आहे. आपल्या वस्तीतले पालक तिथे सहीपुरते असतात की बोलतात, हे पाहण्याची हीच वेळ आहे.

मैदान सर्वात शेवटी

आधी शाळा पूर्ण, मग खेळ. हा क्रम उलटा करू नये. वर्गात दिवसभर बसता येत नसेल तर कबड्डीच्या मैदानात उतरायचे नाही. खेळसुद्धा पायरीने: चालणे, हलके धावणे, एकट्याचा सराव, मग डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच अंगाला भिडणारा खेळ. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस.

डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरा येथे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात शेवटच्या षटकात चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर आदळला. त्याने डाव पूर्ण केला, नंतर चक्कर येत असल्याचे सांगितले. त्याच्या जागी युझवेंद्र चहल कन्कशन बदली खेळाडू म्हणून उतरला आणि सामनावीर ठरला. जडेजाला मालिकेतल्या उरलेल्या टी-ट्वेंटी सामन्यांत खेळवले नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये बदली खेळाडूचा हा नियम २०१९ पासून आहे. देशासाठी खेळणाऱ्याला विश्रांती मिळते, तर तालुका स्पर्धेतल्या चढाईपटूला ‘मर्द आहेस ना, खेळ’ म्हणून परत मैदानात का ढकलायचे?

हा प्रश्न जिवावर बेतणारा आहे. कॅनडाच्या ओटावा शहरातली १७ वर्षांची रोवन स्ट्रिंगर शाळेच्या संघातून रग्बी खेळायची. मे २०१३ मध्ये थोड्याच दिवसांच्या अंतराने डोक्याला पुन्हा पुन्हा मार लागून तिचा मृत्यू झाला. त्यानंतर ओंटारिओ प्रांताने २०१८ मध्ये तिच्या नावाने कायदा केला. मार लागल्याचा संशय आला की खेळाडूला लगेच बाहेर काढायचे आणि शाळेत व मैदानात पायरीपायरीने परत आणायचे, ही त्याची दिशा आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने त्याआधी २००९ मध्ये झॅकरी लिस्टेट या मुलाच्या नावाने असाच कायदा केला होता. तो १३ वर्षांचा असताना मार लागल्यावर त्याच सामन्यात पुन्हा खेळला आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. आपल्याकडे शाळांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून मंडळांच्या स्पर्धा भरवणाऱ्या आपल्या तरुणांनी निदान एक नियम स्वतः करावा: डोक्याला मार लागला की त्या दिवशी पुन्हा खेळ नाही. अपवाद नाही, कप्तानाचा हट्टही नाही.

हजेरी, परीक्षा आणि शिष्यवृत्ती

इथे आपल्या मुलांचे सर्वाधिक नुकसान होते, कारण कागद वेळेवर जात नाही. दहावी-बारावीसाठी ७५ टक्के हजेरी लागते. आजारपणामुळे कमी पडल्यास ती माफ करण्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रासह शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. अकरावीपासून पुढे भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेलाही ७५ टक्के उपस्थितीची अट आहे. म्हणून अपघाताच्या पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांच्या कागदाची प्रत आणि रजेचा अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.

पहिली ते आठवीच्या मुलांसाठी चाचणी पुढे ढकलणे शाळेच्या हातात असते. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, पण नापास झाल्यास पुनर्परीक्षेची संधी मिळते. दहावी-बारावीची प्रात्यक्षिक किंवा तोंडी परीक्षा वैद्यकीय कारणाने चुकली, तर मंडळ ‘आउट ऑफ टर्न’ परीक्षा घेते, त्यासाठी लगेच शाळेला कळवावे लागते. लेखी परीक्षेच्या तोंडावर अपघात झाला, तर कोणती सवलत मिळू शकते हे मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाला लेखी विचारावे. मूल अजिबात बसण्याच्या स्थितीत नसेल, तर पुरवणी परीक्षा आहे. एक परीक्षा पुढे गेली म्हणून आयुष्य मागे पडत नाही, हे मुलाला आणि त्याच्या वडिलांना आपणच सांगायचे असते. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. आपले प्रकरण तिच्यात बसते का, हे मुख्याध्यापकांकडे विचारावे.

मुलगी आणि वसतिगृहातले मूल

मुलगी दुखापतीमुळे घरी असली, की ‘घरीच आहे तर’ म्हणत तिच्याकडे पाणी, भाकरी, धाकटी भावंडे सगळे येते. विश्रांती नावापुरती राहते, डोके दुखतच राहते, शाळा लांबत जाते आणि काही घरांत याच काळात स्थळाची चर्चा सुरू होते. तिच्या घरी जाणाऱ्या कार्यकर्त्याने, शक्यतो महिला कार्यकर्तीने, दोन प्रश्न न चुकता विचारावेत: दिवसभरात तू किती काम केलेस? आणि शाळेत कोणत्या तारखेला जाणार आहेस? तारीख ठरली की शाळा टिकते.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलाजवळ रात्री आई नसते. तिथे गृहपालांना परतीच्या कागदाची प्रत द्यावी, खोलीतल्या एका मित्राला धोक्याची लक्षणे समजावून सांगावीत आणि काही दिवस वरच्या कॉटऐवजी खालची जागा द्यायला सांगावे. मजुरी बुडवून घरी बसणे ज्या आईला परवडत नाही, तिच्यावर दोष ठेवून काही साधत नाही. त्या दोन दिवसांत मुलाजवळ कोण बसेल, याची वस्तीने पाळी लावावी.

प्रत्येक विहारात एक कल्याणमित्र

पोटाच्या विकाराने मळात पडलेल्या भिक्खूकडे कुणी पाहत नव्हते, तेव्हा बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी त्याला आंघोळ घातली आणि मग भिक्खूसंघाला एकमेकांची काळजी घेण्याची आठवण दिली. आपल्या धम्मात करुणा ही अशी हातांनी करायची गोष्ट आहे.

त्यामुळे आमची सूचना साधी आहे. बारामती-इंदापूरच्या प्रत्येक बुद्ध विहारात एका तरुणाने किंवा तरुणीने अशा मुलांचा कल्याणमित्र व्हावे. त्याला डॉक्टर व्हायचे नाही. त्याने घर, दवाखाना आणि शाळा या तिघांमध्ये निरोप पोचवायचा, परतीचा कागद लिहून द्यायचा, पालकांसोबत मुख्याध्यापकांकडे जायचे आणि चार आठवडे, आठवड्यातून एकदा मुलाला भेटायचे. विहाराच्या अभ्यासिकेत एक शांत कोपरा आणि संध्याकाळी बुडालेला अभ्यास थोडा थोडा करून घेणारा एखादा मोठा विद्यार्थी मिळाला, तर शिकवणीचा खर्चही वाचतो. जयंतीच्या मिरवणुकीत अशा मुलाला डीजेच्या भिंतीसमोर उभे करू नये, हेही त्यानेच मंडळाला सांगायचे. पुढच्या रविवारी वंदनेनंतर धोक्याची लक्षणे मोठ्याने वाचून दाखवली आणि विहाराच्या फलकावर लावली, तरी कामाची सुरुवात झाली.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आपण अभिमानाने सांगतो. शिकण्यासाठी जो मेंदू लागतो, तो हादरला असेल तर त्याला सावरायला वेळ देणे आणि तोवर त्या मुलाच्या बाजूने उभे राहणे, हे त्या आदेशाचेच पालन आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.